आतशबाजी कुणाची? गच्चीवरून दिसणाऱ्या उजेडाचा इतिहास

दिवाळी जवळ आली की समाजमाध्यमांवर एक वाद ठरल्या वेळी सुरू होतो. एक बाजू सांगते, फटाके ही पुराणकाळापासूनची परंपरा आहे, त्यात कोर्टाने पडू नये. दुसरी सांगते, फटाके मोगलांनी आणले, त्यांचा सणाशी काय संबंध? हा दुसरा दावा कधी फटाक्यांच्या विरोधात वापरला जातो, तर कधी मुसलमानांच्या. शबे-बारात आली की आपल्या मोहल्ल्यांत तिसरा वाद रंगतो. मशिदीतल्या बयानात आतशबाजीला फिजूलखर्ची म्हटले जाते आणि बाहेर गल्लीत पोरे सुतळी बाँब लावतच राहतात.

याच दिवसांत गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या गच्च्यांवर काही माणसे ट्रायपॉड लावून शांतपणे उभी असतात. चौपाटीवर किंवा शिवाजी पार्काच्या बाजूला उडणारा उजेड त्यांना कॅमेऱ्यात पकडायचा असतो. दुसऱ्या दिवशी ते फोटो फिरतात, लोक वाहवा करतात. पण फोटोतला तो उजेड कुणाचा, कुठून आला, कुणी बनवला, हे फोटोत दिसत नाही. म्हणून त्याचा माग काढावा म्हटले.

दारू म्हणजे औषध

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण ‘दवादारू’ म्हणतो, ‘दारूगोळा’ म्हणतो आणि पिण्याच्या दारूलाही दारूच म्हणतो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. स्फोटक पुडीला औषध म्हणण्याची रीत फारसीपुरती नाही. बंदुकीच्या दारूचा शोध चीनमध्ये लागला आणि चिनी भाषेत तिचे नाव ‘आगीचे औषध’ असेच आहे. तमिळमध्ये ‘मरुंदु’ म्हणजे औषध आणि तोच शब्द स्फोटक पुडीसाठीही वापरतात. सोरा, गंधक आणि कोळसा खलबत्त्यात कुटणारा माणूस पहिल्यांदा पाहिला, तेव्हा लोकांना तो हकीम किंवा वैद्यच वाटला असणार.

चीनमधून ही विद्या पश्चिमेकडे सरकली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हसन अल-रम्माह या अरब लेखकाने युद्धविद्येवरच्या ग्रंथात दारूच्या शंभराहून अधिक कृती लिहून ठेवल्या. अरबांनी सोऱ्याला ‘चिनी बर्फ’ म्हटले, इराण्यांनी ‘चिनी मीठ’. ही विद्या आपली नाही, कुणाकडून तरी शिकलेली आहे, हे त्यांनी नावातच कबूल करून टाकले.

मराठीनेही ते कबूल केलेले आहे, फक्त आपले लक्ष जात नाही. ‘आतश’ म्हणजे आग आणि ‘बाजी’ म्हणजे खेळ, दोन्ही शब्द फारसी. ‘महताब’ म्हणजे चांदणे. त्याचाच अर्थ सांगणारी आपली ‘चंद्रज्योत’. ‘अनार’ म्हणजे डाळिंब. ‘हवई’मध्ये अरबी हवा आहे. ‘फुलबाजी’त फूल आपले आणि बाजी इराणची. पण बाण, भुईनळा, भुईचक्र, लवंगी ही नावे इथल्याच मातीतली. दिवाळीच्या बाजारातली पिशवी उघडली की दोन-तीन भाषा एकदम बाहेर पडतात. मुंबईत त्यात आणखी एक धागा आहे. चर्नी रोड, धोबी तलाव, काळबादेवी या परिसरात पारशांची चार ‘आतश बेहराम’ आहेत. तिथे अखंड तेवणारा अग्नी आणि आपली आतशबाजी यांतला ‘आतश’ एकच.

दख्खनच्या लग्नांतली रोषणाई

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी इ.स. १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय आतशबाजीचा इतिहास लिहिला आहे. फटाक्यांवर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो चाळायला हवा. गोड्यांनी संस्कृत, मराठी आणि फारसी साधने, तशीच परदेशी प्रवाशांची वर्णने एकत्र मांडली. त्यातून दिसते ते असे की, बंदुकीची दारू भारतात रुजली त्याच सुमारास तिचा शोभेसाठी वापर सुरू झाला आणि कुठल्याही एका धर्माने तो स्वतःकडे ठेवला नाही.

इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक १४४३ मध्ये विजयनगरला आला. तिथल्या हिंदू राजाच्या महानवमीच्या उत्सवात त्याने आतशबाजी पाहिली आणि लिहून ठेवली. ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७–१५३९) याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती आहेत. म्हणजे चिनी मीठ तोवर संस्कृत श्लोकांत जाऊन बसले होते. आपल्या पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिले. त्यात कृष्णाच्या लग्नात बाण आणि फुलबाज्या उडतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावर मुसलमान सुलतानाच्या चाकरीत होते. एकनाथांनी पौराणिक लग्न रंगवताना आपल्या काळातल्या दख्खनची वरात समोर ठेवली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच दख्खनमधले दुसरे लग्न. १६०९ मध्ये मलिक अंबरच्या मुलाचा निकाह विजापूरच्या एका सरदाराच्या मुलीशी झाला. इब्राहिम आदिलशहाने पुढाकार घेऊन हे लग्न लावले. त्यात नुसत्या आतशबाजीवर ८० हजार रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. हबशी सेनापतीच्या घरचे कार्य, विजापूरचा सुलतान यजमान आणि दारू कुटणारे दख्खनचे कारागीर, असा तो थाट होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगितले. ते पेशव्यांच्या बखरीत आले आहे. कोट्याला ‘दारूची लंका’ उभारत. रावण, राक्षस, वानर, सगळे दारूचे. मग मारुतीची शेपटी पेटवायची आणि तो लंकेतली घरे एकामागून एक जाळत सुटायचा. पेशव्यांना हे इतके आवडले की त्यांनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसाच खेळ करवला.

औरंगजेबाचा उल्लेख टाळून चालणार नाही, कारण दरवर्षी त्याचा १६६७ चा हुकूम समाजमाध्यमांवर फिरतो. ‘औरंगजेबाने दिवाळीचे फटाके बंद केले’ असे त्यासोबत लिहिलेले असते. त्याने आतशबाजीला मनाई केली हे खरे. पण त्या हुकुमात दिवाळीचे नाव नाही. ती मनाई शबे-बारातला आणि अमीर-उमरावांच्या लग्नांनाही लागू होत होती. तिच्यामागे असलेला विचारही त्याच्या एकट्याचा नव्हता. दिल्लीचे मोठे आलिम शेख अब्दुल हक मुहद्दिस (मृत्यू १६४२) यांनी त्याच्या आधीच शबे-बारातच्या आतशबाजीला हिंदुस्थानी मुसलमानांची वाईट रीत म्हटले होते. विसाव्या शतकात मौलाना अशरफ अली थानवींनी तेच पुन्हा सांगितले. तीनशे वर्षे उलेमा रागावत आहेत, याचा अर्थ तीनशे वर्षे लोक ऐकत नाहीत. एखाद्या समाजात एखादी गोष्ट किती मुरलेली आहे, हे तिच्याविरुद्धच्या फतव्यांवरूनही कळते.

चित्राखाली काय लिहायचे?

अठराव्या शतकातली काही मोगल आणि अवधी लघुचित्रे पाहिली आहेत का? गच्चीवर स्त्रिया उभ्या आहेत, हातात फुलबाज्या आहेत, मागे काळे आकाश आणि त्यात सोनेरी ठिणग्या. अशा चित्रांखाली कुठे ‘दिवाळी’ लिहिलेले असते, कुठे ‘शबे-बारात’. अनेकदा चित्रात असे काहीच नसते ज्यावरून खात्रीने ठरवता यावे. पोशाख तोच, गच्ची तीच, फुलबाजी तीच. रात्रही काळोखी किंवा चांदणी कशी रंगवायची, हे चित्रकाराच्या मर्जीवर. आपला वाद दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात असा उत्तराविना उभा आहे.

त्या चित्रांतल्या ठिणग्या बहुतेक सोनेरी किंवा पांढऱ्या दिसतात, याला कारण आहे. सोरा-गंधक-कोळशाच्या मिश्रणात लोखंडाचा कीस घातला तर सोनेरी, तांबूस, पांढरा एवढेच रंग मिळत. झगझगीत लाल, हिरवे, निळे रंग एकोणिसाव्या शतकात आले, पोटॅशियम क्लोरेट हाताशी आल्यावर. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा आणि सगळ्यात अवघड निळा तांब्याचा. आज हिरवा म्हणजे अमुक, भगवा म्हणजे तमुक असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मलिक अंबरच्या आणि पेशव्यांच्या आकाशात हिरवा रंग उडवायची सोयच नव्हती.

कॅमेऱ्यातली दारू

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. १८५४ मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पण त्या वेळी ओल्या काचा भर उन्हातही काही सेकंद उघड्या ठेवाव्या लागत, रात्रीचे नावच नको. म्हणून त्या काळातल्या शाही भेटी आणि रोषणाया आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः सचित्र साप्ताहिकांच्या चित्रकारांच्या हातून.

पुढे सुक्या काचा आल्या. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅश पावडर तयार झाली. छायाचित्रकार एका पत्र्याच्या तबकात ही पूड ठेवून पेटवत. भप्पकन उजेड पडे, धूर होई आणि फोटो निघे. विजेचे फ्लॅश बल्ब १९३० च्या सुमारास येईपर्यंत अंधाऱ्या दालनातला किंवा रात्रीच्या समारंभातला फोटो बहुधा असाच काढावा लागे. म्हणजे फोटो काढण्यासाठी छायाचित्रकार स्वतःच एक छोटीशी आतशबाजी करत होता. फटाका आणि फ्लॅश, दोघांच्या पोटात दारूच.

लंकादहनही कॅमेऱ्यापर्यंत आले. दादरला राहून ‘राजा हरिश्चंद्र’ बनवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचा तो चित्रपट १९१३ मध्ये गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. १९१७ मध्ये त्यांनी ‘लंकादहन’ आणला आणि तोही गिरगावात, वेस्ट एंडला चालला. पर्वतीखाली पेशव्यांनी दारूने जे दाखवले, ते फाळक्यांनी पडद्यावर उजेडाने दाखवले.

आज गच्चीवरून आतशबाजी टिपणारा जे करतो ते सोपे आहे, पण धीराचे आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा. संवेदनशीलता १०० वर, छिद्र एफ ८ ते एफ ११, फोकस हाताने लांबच्या दिव्यावर ठरवून तसाच सोडायचा. शटर दोन ते पाच सेकंद उघडे ठेवायचे, म्हणजे ठिणगीचा ठिपका न येता तिची पूर्ण वाट उमटते. फिल्मच्या काळात लोक शटर उघडे टाकून भिंगासमोर काळा पुठ्ठा धरत आणि नवा बाण फुटला की पुठ्ठा बाजूला करत. अशा तऱ्हेने एकाच फ्रेममध्ये चार-पाच फुले जमत. पहिली काही मिनिटे सोन्यासारखी, कारण नंतर धूर साचतो आणि पुढचा उजेड त्यात मळतो. म्हणून वारा कुठून आहे, हे आधी पाहायचे. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटला असेल, तर गिरगावच्या गच्चीवरून चौपाटी स्वच्छ दिसते.

आणि जाणकार एक गोष्ट हमखास सांगतात. नुसत्या आकाशाचा फोटो काढू नका. दुबई, सिडनी, लालबाग, सगळीकडे फुटणारे फूल सारखेच असते. फोटोत खाली काहीतरी हवे. गिरणीची चिमणी, मंदिराचा कळस, मशिदीचा मिनार, चाळीचे कठडे. तेव्हा कुठे तो फोटो एका गावाचा होतो.

उजेड आणि संशय

मुंबईच्या आकाशाने दारूचा दुसरा चेहराही पाहिला आहे. रे रोडजवळ दारूखाना नावाचा भाग आहे. आज तिथे जुनी जहाजे तोडतात; नाव मात्र दारूच्या साठ्याचे राहिले. त्याच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया डॉक. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून गेल्यावर तिथे ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि वर कापसाच्या गासड्या. अर्ध्या तासात दुसरा, त्याहून मोठा स्फोट. शेकडो माणसे गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. गोदीशेजारचा मांडवीचा भाग उद्ध्वस्त झाला. जपानचा हल्ला झाला असे अनेकांना वाटले. सुधीश घटक या कॅमेरामननी केलेले चित्रीकरण लष्कराने ताब्यात घेतले, पुढे त्यातला काही भाग लोकांना दाखवण्यात आला. त्या आगीत हमाल, गोदी कामगार, व्यापारी असे सगळ्या जातीधर्मांचे लोक जळाले.

पुढे याच शहरात आवाजाला धर्म चिकटला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मध्य मुंबईच्या गच्च्यांवर लोक रात्री जागत होते. आतशबाजी पाहायला नव्हे, आग कुठल्या बाजूला लागली आहे हे पाहायला. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतल्या मृतांचा आकडा ९०० दिला. १२ मार्च १९९३ ला बाँबस्फोटांत २५७ माणसे मारली गेली. दादरचे प्लाझा थिएटर आणि वरळीचे सेंच्युरी बाजार ही त्यातली दोन ठिकाणे. त्यानंतर मुसलमान मोहल्ल्यात काही फुटले की ते काय असेल, याचा अंदाज इतरांनी आधीच बांधलेला असे. त्याचीच दुसरी आवृत्ती क्रिकेटची. ‘पाकिस्तान जिंकले की तुमच्याकडे फटाके वाजतात’ हे वाक्य शाळेत, कचेरीत, लोकलमध्ये कधी ऐकले नाही, असा मराठी मुसलमान विरळा. ज्याने ते उच्चारले, त्याने बहुधा ते कुणाकडून तरी ऐकलेले असते. पाहिलेले नसते.

म्हणून २ एप्रिल २०११ ची रात्र मला महत्त्वाची वाटते. वानखेडेवर भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून हरवले आणि विश्वचषक जिंकला. स्टेडियमवर आकाश उजळले. मरीन लाइन्स, ठाकूरद्वार, गिरगावच्या गच्च्यांवरून कितीतरी लोकांनी ते टिपले. त्या सामन्याची सुरुवात ज्याच्या हातून झाली, त्या झहीर खानने पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकून फक्त सहा धावा दिल्या आणि एक बळी घेतला. तो आपला श्रीरामपूरचा. संपूर्ण स्पर्धेत त्याचे बळी २१, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. त्या रात्री लालबागेत वाजले, परळला वाजले, नागपाड्यात आणि भेंडीबाजारातही वाजले. कुठल्या गच्चीवरून काढलेल्या फोटोतले कुठले फूल कुठल्या गल्लीतून वर गेले, हे कुणी ओळखून दाखवावे.

हात कुठे गेले?

फोटोत उजेड राहतो, बनवणारा हात राहत नाही. पूर्वी गावोगावी आतशबाज असत. त्यांत मुसलमान घराणी पुष्कळ होती. लग्नाची वरात असो, उरूस असो, ग्रामदैवताची जत्रा असो, दारूकाम तेच करत. अनेक गावांत रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळेचा गोळाही त्यांच्याच हातचा. १९४० च्या स्फोटक नियमांनंतर परवान्याशिवाय दारू बनवणे अवघड झाले आणि धंदा कारखान्यांकडे गेला. तमिळनाडूच्या शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे चुलतभाऊ १९२३ मध्ये कलकत्त्याला जाऊन काडेपेट्या बनवायला शिकून आले होते. त्याच गावात पुढे देशाचे फटाके बनू लागले. गावचा आतशबाज आधी कारागिराचा दुकानदार झाला आणि नंतर नाहीसा झाला.

मुंबईत दुकाने मात्र टिकली. क्रॉफर्ड मार्केट आणि मोहम्मद अली रोडला दिवाळीच्या आधी गिरगाव-लालबागच्या घरांतली माणसे लवंगीच्या माळा आणि फुलबाज्या घ्यायला जातात. गल्ल्यावर बसलेला अनेकदा बोहरा किंवा मेमन असतो. भाव करताना दोन्ही बाजूंना सणाची शुभेच्छा द्यायला कुणी शिकवावे लागत नाही. माल शिवकाशीच्या मजुराने बनवलेला, विकणारा मुसलमान, उडवणारा लालबागचा, टिपणारा कुणीही.

मी फटाक्यांची वकिली करत नाही. धुराने म्हातारी माणसे आणि लहान मुले हैराण होतात. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना मनाई, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निर्णय योग्यच आहे. शिवकाशीतल्या स्फोटांत मजूर मरतात, ही त्याहून मोठी गोष्ट. उलेमांची फिजूलखर्चीची तक्रार आणि पर्यावरणवाल्यांची तक्रार आज एकाच जागी येऊन थांबली आहे. फटाके कमी व्हावेत, जरूर व्हावेत. पण ते ‘त्यांचे’ आहेत म्हणून कमी करा, किंवा ‘आमचे’ आहेत म्हणून वाजवा, ही दोन्ही कारणे खोटी आहेत.

या इतिहासाची साधने आता झपाट्याने जात आहेत. गिरगाव-लालबागच्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. चाळीची गच्ची सगळ्यांची असे. तिथेच पापड वाळत, पतंग उडत, कोजागिरीचे दूध आटे आणि मुसलमानांच्या इमारतींत ईदचा चाँद शोधला जाई. टॉवरमध्ये तेच आकाश चौरस फुटाच्या भावाने विकले जाते. चाळ रिकामी करताना कपाटावरच्या पेटीतल्या जुन्या निगेटिव्ह भंगारात जातात.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती टाकू नका. गच्चीवरून काढलेल्या एखाद्या जुन्या फोटोत दिवाळी असेल, शबे-बारात असेल, मिरवणूक असेल. मागे वर्ष, इमारतीचे नाव आणि दिशा पेन्सिलीने लिहा. आजोबा-पणजोबा आतशबाज होते असे घरात कुणी सांगत असेल, तर त्यांचे गाव कोणते, कुठल्या जत्रेला आणि कुठल्या उरुसाला ते दारूकाम करत, हे म्हाताऱ्यांना विचारून उतरवून घ्या. उजेड कुणाचा, हा वाद घालायला माणसे पुष्कळ आहेत. तो बनवणाऱ्याचे नाव लिहून ठेवणारे कमी पडत आहेत.